गोल पंखाचे विमान कोणी उडवले, याबाबत

मी विद्युल्लता नीलकंठ पोतनीस, वय शहात्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार राधागंज, देवास, आज सकाळी पूजा आणि चहा आटोपून, चष्मा पुसून, माझ्या हाताने माझे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी काही पढवलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या ओळखीत कोणी मृत्युपत्राला असा दाखला जोडलेला नाही. मला तो का घ्यावा लागला, ते पुढे पाचव्या कलमात येईल.

आमचे वकील विश्वासराव म्हणाले, काकू, हिंदीत लिहा, कोर्टात सोपे जाते. त्यांच्या समाधानासाठी हिंदी तर्जुमा मागे लावला आहे. पण दोन्हींत कुठे फरक पडला तर मराठीच खरे धरावे. माझी नात मराठी छान बोलते, वाचताना मात्र अडखळते. तिला हे मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वाचणाऱ्याने घाई करू नये.

१. माझे यजमान नीलकंठ चार वर्षांपूर्वी वारले. मुलगा धवल इंदूरला बँकेत आहे. मुलगी स्वानंदी धार जिल्ह्यातल्या मनावरला दिलेली. ती आणि जावई तिथे शेती-अवजारांचे दुकान चालवतात. धवलची मुलगी चार्वी, जिला सगळे चिऊ म्हणतात, इंदूरला कॉलेजात शिकते. माझे वारस एवढेच. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही.

२. राधागंजचे घर यजमानांनी आणि मी मिळून बांधले. ते धवल आणि स्वानंदी यांना निम्मे-निम्मे. विकायचे झाले तर खुशाल विकावे. भिंतींवर माझा जीव नाही. फक्त मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे आहे ते घराबरोबर विकले जाऊ नये. त्याची व्यवस्था वेगळी सांगितली आहे.

३. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी. पाटल्या आणि मोहनमाळ स्वानंदीला, नथ सुनेला. तांब्याचे मोठे घंगाळ शेजारच्या भवानीबाईंनी त्यांच्या धाकट्याच्या लग्नात नेले, ते लग्न आता नातवंडांपर्यंत पोचले तरी परत आले नाही. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. मात्र दिवसवारांना आमच्याकडून दुसरे मागायला आल्या तर देऊ नये.

४. यजमानांची हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, गिरमिट, शिकंजे, सगळी स्वानंदीला. धवलने आयुष्यात एक फोटो भिंतीवर लावला आणि चौकोनभर प्लास्टर खाली आणले. स्वानंदीच्या हाताला वडिलांचे वळण आहे.

यजमान इथल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. दिवसभर गिअरचे दाते काढायचे आणि घरी येऊन विमाने. नेहमीची विमाने त्यांना आवडत नसत. जगात कोणीतरी एकदाच करून पाहिलेले, लोकांनी हसून सोडून दिलेले विमान सापडले की ते जेवण विसरत. इटलीत एकाने तीन ठिकाणी तीन-तीन असे नऊ पंख लावून विमान तळ्यात सोडले होते, ते थोडेसे उडाले आणि पाण्यात कोसळले. जर्मनांनी एक असे केले की वैमानिकाची खोली मधोमध नाही, एका बाजूला, जणू साइडकार. अमेरिकेत एकाचा अख्खा पंख कात्रीसारखा तिरका फिरत असे. या सगळ्यांची कात्रणे आणि त्यांनी स्वतः काढलेली चित्रे कपाटात बांधून ठेवली आहेत. ती चिऊला. लहानपणी ती ती चित्रे बघत विचारायची, "आबा, हे असं टेढं का आहे?" ते म्हणायचे, "टेढं नाही गं. आपल्याला सवय नाही, एवढंच."

५. आता शेडमधल्या वस्तूबद्दल. हे कलम वगळा, असे विश्वासरावांनी मला तीनतीनदा विनवले. मी ते मुद्दाम सर्वांत मोठे लिहीत आहे.

शेडमध्ये टांगलेले आहे ते यजमानांनी बांधलेले विमान. इंजिन नाही, जीपने दोरीने ओढायचे आणि वर गेल्यावर दोर सोडून तरंगत उतरायचे. त्याला दोन बाजूंना पंख नाहीत. सगळे विमानच एक गोल पंख आहे, परातीसारखा, आणि त्याच्या पुढच्या काठात माणूस बसायची जागा. अमेरिकेत पायांचे विकार बघणाऱ्या एका डॉक्टराने बुटाच्या टाचेत घालायचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा सहज भिरकावला, तो तरंगत गेला, आणि त्यावरून त्याने गोल पंखाचे विमान केले, ते उडालेही. ही गोष्ट यजमानांनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला सांगितली. दुसऱ्या बायकांना त्या आठवड्यात काय सांगतात कोण जाणे. गोल पंखाचा गुण असा की चाल फार मंदावली तरी ते एकदम खाली कोसळत नाही. त्यांच्यासारख्या भित्र्या माणसाला तेच पटले.

ते बांधायला काही वर्षे गेली. सांगाडा देवदाराचा. वजनाचा तोल कुठे साधायचा याचे गणित मी केले, कारण त्यांचे ड्रॉइंग चांगले आणि बेरीज कच्ची. कापड मिळेना, तेव्हा माझ्या सासूबाई उमाबाई यांनी आपली जुनी महेश्वरी लुगडी काढून दिली. म्हणाल्या, "माझं लुगडं आभाळात जाणार असेल तर ने. नाहीतरी बोहारीणच नेणार." वॉर्निश चढवले तरी पंखाच्या खालून किनार अजून दिसते.

यजमानांचे एकच जवळचे मित्र, धारचे उदाजीराव मोहिते. जुन्या दरबारी घराण्यातले, उंच, रुबाबदार, बोलायला गोड. त्यांनी कॉलेजात असताना ग्लायडर चालवण्याचे धडे घेतले होते. त्यांची जीप होती आणि टोंकखुर्दजवळ मुरमाड माळ होता. विमान तेच उडवणार हे आधीपासून ठरलेले होते.

माघातला रविवार होता, १९८४ सालचा. सकाळी वारा अगदी पडलेला. उदाजीराव बसले, त्यांच्या माळी-गड्याने जीप हाकली, विमान थोडे उचलले आणि पुन्हा टेकले. असे पुन:पुन्हा झाले. माणूस दणकट, हाडापेराने मोठा. पुढचा काठ वर येईना. यजमान मागचा भाग उचलून पाहत राहिले, जणू तिथे चूक सापडणार होती. गणित माझे होते, मला कळत होते की चूक कुठेच नाही, फक्त वजन जास्त आहे.

मी म्हटले, "मी बसते."

यजमान म्हणाले, "तू?" उदाजीराव मात्र लगेच बाहेर आले. दांडा कसा धरायचा, दोर कधी सोडायचा, सगळे त्यांनी मला नीट सांगितले आणि म्हणाले, "वहिनी, जीप मी चालवतो. गड्याच्या हाताला झटके आहेत." मी पदर खोचला आणि बसले.

वर जाताना काय वाटले ते मी आजवर नीट सांगितलेले नाही. जमीन सुटली तेव्हा आवाज बंद झाला. चाकांचा खडखडाट गेला आणि फक्त कापडाची फडफड राहिली. पिंपळाच्या शेंड्याहून मी वर होते. दोर सोडला. खाली माझी सावली माळावरून चालली होती, गोल, एखाद्या लहानशा ढगासारखी. विहिरीवर एक बाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती. तिने वर पाहिले आणि घागर न सांडता, मान न हलवता, फक्त डोळ्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवले. मला भीती वाटली नाही. मला वाटले, हे मला येते.

उतरताना माळ संपला आणि शेजारच्या हरभऱ्यात शिरले. चाक मातीत रुतले, विमान पालथे झाले. मी पट्ट्याला उलटी लटकले. हनुवटी फुटली, बाकी काही नाही. यजमान धापा टाकत पोचले आणि आधी म्हणाले, "अगदी तसंच उलटलं." अमेरिकन नौदलाचे गोल विमान समुद्रकाठच्या वाळूत असेच पालथे झाले होते आणि चालवणारा सुखरूप निघाला होता, हे त्यांना त्या क्षणी आठवले. मग ते मातीत बसून रडले. मला राग आला नाही. मी उलटी लटकलेली हसतच होते.

तासाभराने ठाण्यातून हवालदार आला. हरभऱ्याच्या मालकाने बोलावले होते. हवालदाराने विचारले, "कौन उड़ा रिया था भिया?"

आमची स्थिती सांगायला हवी. यजमानांचा कारखाना तेव्हा बंद होता. माझी सरकारी शाळेतली नोकरी नुकती कायम झाली होती आणि घर त्याच्यावर चालले होते. विनापरवाना उड्डाण म्हणून माझे नाव कागदावर गेले असते तर ती नोकरी गेली असती. हे मला सुचायच्या आत उदाजीरावांना सुचले. ते पुढे झाले आणि म्हणाले, "मैं उड़ा रहा था. भाभी तो टिफिन लेके आई थीं."

त्यांनी माझे घर वाचवले. ठाण्यात खेटे त्यांनी घातले, हरभऱ्याची भरपाई त्यांनी केली. हा उपकार मी मृत्युपत्रात लिहून मान्य करते.

पण पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. मग महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात सत्कार झाला. दरवर्षी कोणीतरी त्यांना ती गोष्ट सांगायला लावी, आणि ते सांगत, फार छान सांगत. एकदा निवेदकाने स्टेजवरून म्हटले, विमान उडवणारे उदाजीराव आपल्यात आहेत आणि डबा आणणाऱ्या वहिनीही आल्या आहेत. मंडप हसला. मीही हसले. डबासुद्धा मी आणलेला नव्हता. पहाटे उठून पोळ्या सासूबाईंनी केल्या होत्या आणि डबा जीपच्या मागच्या सीटवरून आला होता.

घरी येऊन मी यजमानांना म्हटले, आता तर सांगू या. ते म्हणाले, "विमान उडालं ना. कोण बसलं होतं, याला काय एवढं?" उदाजीरावांचा मला राग आला असेल, पण हे वाक्य जास्त लागले. ते मी मनातून काढू शकले नाही. संसार आमचा चांगला झाला, तरी त्या एका खोलीत मी त्यांना कधी येऊ दिले नाही. शेवटच्या आजारात ते दवाखान्यात होते, तेव्हा सलाइन लावणाऱ्या मुलीला म्हणाले, "या बाईंनी विमान उडवलंय." ती म्हणाली, "हाँ बाबा, उड़ाया है." तिला वाटले तापात बोलताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांचा हात धरला. तेवढे मला पुरले असते.

परंतु गेल्या वर्षी उदाजीरावांची नात कृतिका हिने त्यांच्या धारच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. मोठ्या दालनात विमान टांगायचे, असे तिने धवलशी बोलून ठरवले. तिने पाटीसुद्धा करून तिथे लावली. पाटीवर आजोबांचे नाव होते. मुलगी चांगली आहे. तिला जे सांगितले गेले ते तिने लिहिले. मी म्हटले, विमान देणार नाही. धवल चिडला, वाळवी खाईल त्यापेक्षा बरे नव्हे का, म्हणाला. तेव्हा चाळीस वर्षांनी मी माझ्या मुलाला सांगितले की ते मी उडवले होते.

तो हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाशी हसतात तसा. "आई, तू?" म्हणाला. आणि पुढच्या आठवड्यात रक्तदाब तपासायचा म्हणून मला इंदूरला नेऊन विसरभोळेपणाच्या डॉक्टरांपुढे बसवले. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी शेवटपर्यंत गेले आणि त्यांना विचारले, अजून करू का. दाखला त्यांचाच आहे.

धवलवर माझा राग नाही. त्याला भीती वाटली, आणि मुलांना आईबद्दल भीती वाटावी यात काही गैर नाही. चिऊने मात्र घरी आल्यावर माझ्या हनुवटीवरून बोट फिरवले आणि विचारले, "आजी, तुला डर नाही लागला?" तिने खरे की खोटे हे विचारले नाही.

विश्वासरावांचे म्हणणे असे पडले की, हे कलम ठेवले तर उद्या कोणीही उठून म्हणेल, बाईंचे डोके ठिकाणावर नव्हते, आणि सगळे मृत्युपत्रच डळमळेल. म्हणून मी मागच्या महिन्यात बसने इंदूरमार्गे धारला गेले. कोणाला सोबत घेतले नाही.

उदाजीराव आता त्र्याऐंशीचे आहेत, एका डोळ्याने दिसत नाही. ओसरीत उन्हाला बसले होते. मी आले आहे म्हटल्यावर उठून उभे राहायला लागले, मी बसवले. धवलचे, डॉक्टरांचे, सगळे त्यांना सांगितले. ते ऐकत राहिले. कृतिकाने चहा आणला, ती आत गेल्यावर बोलले.

"वहिनी, पहिल्यांदा हवालदारासाठी म्हटलं. मग पेपरवाल्यासाठी. नंतर इतक्यांदा सांगितलं की मला ते वरून दिसायला लागलं. ती विहीर, ती घागरवाली बाई. मग कधी पहाटे जाग आली की आठवायचं, घागर तर तुम्ही सांगितली होती, त्या संध्याकाळी, हनुवटीला हळद लावून."

मी विचारले, तुम्ही एकदा तरी का नाही बोललात? ते म्हणाले, "तुम्ही कधी आला नाहीत विचारायला. आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

असे उत्तर येईल याची मी तयारी केली नव्हती. रागाने बोलायचे जे घोकून नेले होते ते परत घेऊन आले.

६. तेव्हा विमानाची व्यवस्था अशी. मालकी चिऊची. आमची शेड गळते, आणि धारच्या दालनाला उंची आहे, कोरडे छत आहे. म्हणून चिऊची मर्जी असेल तोवर ते तिथेच टांगावे. पाटी नवी करावी. तीवर चार ओळी: बांधणी नीलकंठ पोतनीस. उड्डाण विद्युल्लता पोतनीस. जीप उदाजीराव मोहिते. कापड आणि डबा उमाबाई पोतनीस. जीपची ओळ मी भीड म्हणून घातलेली नाही. दोर एकदाही झटकला नाही. तशी जीप मी पुन्हा कोणाला चालवताना पाहिले नाही.

विमानाचा दांडा, जो हातात धरतात तो, मी उदाजीरावांना ठेवायचा विचार केला होता. विश्वासराव म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, पुढे शंका निघतात. दांडा द्या किंवा साक्ष घ्या. मी फोनवर उदाजीरावांना दोन्ही सांगितले आणि निवड त्यांच्यावर सोडली. ते म्हणाले, "सही करतो." कृतिकाला त्या दिवशी त्यांनी स्वतः समोर बसवून सगळे सांगितले, असे तिनेच मला कळवले. ती पाटी तिने उतरवली आहे.

म्हणून दांडा विमानाबरोबरच राहील.

७. हे सगळे पार पाडण्याचे काम मी धवलवर सोपवते. दुसरे कोणी सुचवले होते, पण माझा मुलगा व्यवस्थित आहे आणि दिलेले काम करतो. त्याने आधी स्वतः हे वाचावे, मग चिऊला वाचून दाखवावे. पाचव्या कलमाला त्याचा आवाज अडला तर थोडे पाणी प्यावे. माझे दिवस साधेपणाने करावेत. फोटो लावायचा तर शाळेतला, निवृत्तीच्या दिवशीचा लावावा. त्यात हनुवटी नीट दिसते.

वरील सर्व मजकूर मी दोन साक्षीदारांसमोर वाचून, समजून, त्यांच्या देखत सही केली.

मुक्काम देवास, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५

(सही) विद्युल्लता नीलकंठ पोतनीस

साक्षीदार पहिला: डॉ. पीयूष रणवीर लघाटे, राधागंज, देवास. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण भानावर आहेत. शाळेत त्यांनी मला गणित शिकवले आहे.
(सही)

साक्षीदार दुसरा: उदाजीराव शिवाजीराव मोहिते, धार. नुसती सही पुरे असे वकील म्हणाले, पण मला दोन ओळी लिहायच्या आहेत. कलम पाच कृतिकाकडून वाचून घेतले. शब्द न् शब्द खरा आहे. विमान विद्युल्लता वहिनींनी उडवले. मी जीप चालवत होतो आणि दोर सरळ राहावा म्हणून मला मागे वळून बघता आले नाही. दोर सैल पडल्यावर जीप थांबवली, तर मागे नुसता धुरळा. तो खाली बसेपर्यंत विमान हरभऱ्यात पालथे पडले होते. ते हवेत असताना मी पाहिलेले नाही.
(सही) उदाजीराव मोहिते